धर्मगुरू दंगल घडवतो का?

१. प्रश्न कुठे अडतो

एखाद्या धर्मगुरूने भरबाजारात भाषण केले आणि त्याच संध्याकाळी गावात जाळपोळ सुरू झाली, तर ती दंगल त्याने घडवली असे म्हणायचे का? हा प्रश्न कोर्टात विचारला जातो तसा घरातही विचारला जातो. त्याची दोन उत्तरे तयार असतात. पहिले म्हणजे सगळे त्या एका माणसाने केले, गावाला त्यानेच नासवले. दुसरे म्हणजे लोक आधीच पेटलेले होते, तो केवळ निमित्त झाला. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. पहिल्या उत्तराने हातात पलिता घेतलेला शेजारी सुटतो, दुसऱ्याने गुरू सुटतो.

खरे उत्तर शोधायचे तर तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. भाषणाच्या आधी त्या मुलखात कोणते भांडण मुरलेले होते? गुरूने त्यात नेमकी कशाची भर घातली? आणि सरकारने, म्हणजे पोलीस आणि कलेक्टर यांनी, त्या वेळी काय केले? सोलापूरकडच्या माणसाला हातमाग माहीत असतो. मागावर ताणा आधी लावावा लागतो, धोटा नंतर फिरतो. जमीन, कर्ज, नोकऱ्या आणि राज्य कोणाचे, ही भांडणे ताण्यासारखी आधीच ताणलेली असतात. धर्मगुरू धोट्यासारखा त्यांतून फिरतो आणि सुट्या धाग्यांचे कापड करतो.

या तीन प्रश्नांवर दोन मुलूख तपासून पाहता येतात. एक वसाहतकाळातील बंगालचा नोआखाली जिल्हा. तेथे एका पीराचे नाव दंगलीला कायमचे चिकटले. दुसरा सोलापूरला लागून असलेला निजामाचा मुलूख. तेथे प्रचारक दोन्ही बाजूंना होते, आणि त्यांच्यातल्या एका बाजूचा तळ सोलापुरातच पडला होता.

२. नोआखालीचे पीरसाहेब

नोआखाली हा पूर्व बंगालचा खाड्या-कालव्यांचा सखल जिल्हा; आज तो बांगलादेशात आहे. १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे तेथील शंभर माणसांत साधारण ८१ मुसलमान आणि १८ हिंदू होते. जमीनदार, सावकार, वकील आणि व्यापारी मात्र बहुतेक हिंदू, तर कुळे बहुतेक मुसलमान. १९४३ च्या दुष्काळाने कुळांचे कंबरडे मोडले होते. ऑगस्ट १९४६ मध्ये कलकत्त्यात भीषण कत्तल झाली आणि तिच्या खऱ्या-खोट्या बातम्या घेऊन माणसे गावी परतली. ताणा लागला होता तो असा.

गुलाम सरवर हुसैनी हे श्यामपूरच्या दियारा शरीफ या दर्ग्याच्या पीर घराण्यातले. तेथे नवस बोलायला हिंदूही येत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण हुसैनी केवळ पीर नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत ते कुळांचे पुढारी म्हणून बंगालच्या विधानसभेवर निवडून गेले होते. १९४६ मध्ये मुस्लिम लीगच्या उमेदवाराने त्यांना पाडले. गेलेली जागा परत मिळवायची तर लीगपेक्षा जहाल होणे हा एक मार्ग होता, आणि तो त्यांनी धरला. गुरूच्या अंगावरच्या झग्याआड पडलेला उमेदवार असू शकतो, ही गोष्ट अशा प्रकरणांत वारंवार आढळते आणि तितक्याच वारंवार नजरेतून सुटते.

१० ऑक्टोबर १९४६ हा कोजागरी पौर्णिमेचा, बंगाल्यांच्या लक्ष्मीपूजेचा दिवस. त्या दिवशी शहापूरच्या बाजारात हुसैनींची सभा झाली आणि त्यानंतर बाजारातली हिंदूंची दुकाने लुटली गेली. करपाडा गावात राजेंद्रलाल रायचौधुरी राहत. ते नोआखालीच्या वकील मंडळाचे अध्यक्ष आणि हिंदू महासभेचे पुढारी होते. त्यांच्याकडे भारत सेवाश्रम संघाचे एक संन्यासी मुक्कामाला होते आणि त्यांच्याबद्दल भलत्याच अफवा पसरवल्या गेल्या होत्या. ११ ऑक्टोबरला त्या घरावर हल्ला झाला, आणि राजेंद्रलाल व त्यांच्या घरातील अनेक जण मारले गेले. ‘मियाँर फौज’ म्हणजे ‘मियाँची फौज’ या नावाने ओळखली जाणारी हुसैनींची टोळी या हल्ल्यांत पुढे होती.

पुढचे काही दिवस रामगंज, लक्ष्मीपूर, बेगमगंज आणि शेजारच्या टिपेरा जिल्ह्याचा काही भाग जळत राहिला. माणसांना कलमा पढायला लावला गेला, बायकांच्या हातातले शंखाचे चुडे फोडले गेले, कपाळीचे सिंदूर पुसले गेले. धर्म स्वखुशीने बदलला, असे कागदावर लिहून घेण्याची काळजीही घेतली गेली. मारल्या गेलेल्यांचा सरकारी अंदाज काहीशेंचा होता, तर त्या वेळच्या काही वृत्तपत्रांनी पाच हजारांचा आकडा छापला. रस्ते खणलेले, पूल तोडलेले, होड्या अडवलेल्या. त्यामुळे बातमी कलकत्त्याला पोचायलाच काही दिवस गेले. हुसैनींना अटक झाली २२ ऑक्टोबरला, म्हणजे पहिल्या सभेनंतर तब्बल बारा दिवसांनी.

आता तीन प्रश्न लावून पाहावेत. भांडण आधीचे होते. गुरूने त्याला तारीख दिली, बाजाराचे ठिकाण दिले, माणसे दिली, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याला लुटणे हे पाप नाही असा दिलासा दिला. कुळाचे कर्ज आणि जमीनदाराची वही एवढ्यावरून फार तर कचेरी जाळली गेली असती. बायकांच्या कपाळावरचे कुंकू पुसले जाते तेव्हा त्यामागे धर्माची मोहोर लागते. आणि सरकारने गुरूला अटक करायलाच बारा दिवस लावले. हुसैनींची जबाबदारी यातल्या दुसऱ्या आणि सगळ्यांत जड भागाची आहे. ती जमीनदारी, दुष्काळ किंवा लीगचे राजकारण यांच्यावर ढकलून हलकी होत नाही.

३. तुळजापूरच्या वाटेवरची सरहद्द

आता सोलापूर. १९३० च्या दशकात सोलापूरचा माणूस तुळजाभवानीच्या दर्शनाला निघाला की पंचेचाळीस किलोमीटरच्या आत परक्या राज्यात शिरत असे. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा हा सगळा मुलूख निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होता. वाटेत निजामाच्या जकातीचा, म्हणजे करोडगिरीचा नाका लागे. सोलापूर मुंबई इलाख्यात होते, गिरण्यांचे होते, आणि १९३७ पासून तेथे बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचा अंमल होता. पलीकडे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे हैदराबादचे राज्य होते.

नोआखालीचे चित्र येथे उलटे होते. हैदराबाद संस्थानात शंभरातले सुमारे ८५ लोक हिंदू आणि १० ते १२ मुसलमान होते. राज्यकर्ता मुसलमान, आणि सरकारी खात्यांतल्या, पोलिसांतल्या व लष्करातल्या वरच्या जागा बहुतांशी मुसलमानांकडे. गावातली जमीन आणि सावकारी मात्र बरीचशी हिंदू देशमुख, देशपांडे, मारवाडी यांच्या हाती होती. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेका कारणाने आपण दबलेले आहोत असे वाटत होते, आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण खोटे नव्हते. १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ या हुकमाने जाहीर सभेला सरकारची आगाऊ परवानगी लागू लागली. राजकारण बोलायचे दार बंद झाले की माणसे देवळात आणि मशिदीत बोलू लागतात. संस्थानात पुढे जे घडले त्याचे निम्मे मूळ या एका हुकमात आहे.

४. प्रचारकांची चढाओढ

तबलीग म्हणजे इस्लामचा प्रचार आणि शुद्धी म्हणजे धर्मांतरितांना, कधी इतरांनाही, हिंदू करून घेणे. या दोन्ही चळवळी १९२० नंतर सगळ्या हिंदुस्थानात फोफावल्या. निजामाच्या मुलखात त्यांना विशेष धार आली, कारण येथे डोकी मोजण्याला राज्याचा हिशोब जोडलेला होता.

तबलीगच्या बाजूला सर्वांत मोठे नाव बहादूर यार जंग यांचे. ते जहागीरदार होते, वय तरुण आणि उर्दू वक्तृत्व असे की श्रोते तासन्‌तास खिळून राहत. दलित वस्त्यांमधून त्यांनी इस्लामचा प्रचार केला. १९३८ मध्ये मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. संस्थानातला प्रत्येक मुसलमान हा राज्याच्या सत्तेचा भागीदार आहे, निजाम हे त्या सत्तेचे प्रतीक, अशी मजलिसची मांडणी होती. गरीब टांगेवाल्यालाही आपण राज्यकर्ते आहोत असे वाटावे, ही या मांडणीची ताकद होती आणि तिचा धोकाही तोच.

गुलबर्गा भागात आणखी एक वेगळाच माणूस उभा राहिला. सिद्दीक दीनदार यांनी १९२४ मध्ये दीनदार अंजुमन स्थापन केली आणि आपण लिंगायतांच्या चन्नबसवेश्वरांचा अवतार आहोत असे सांगितले. लिंगायत वस्ती दाट असलेल्या मुलखात याचा परिणाम काय होणार हे सांगायला नको. लोक दुखावले आणि उत्तर देणारा कोणीतरी शोधू लागले.

उत्तर द्यायला आर्य समाज पुढे आला. स्वामी दयानंदांनी १८७५ मध्ये मुंबईत स्थापन केलेला हा समाज. मूर्तिपूजा व जन्माधारित जात न मानणारा, वेद आणि हवन यांवर भर देणारा. हैदराबाद शहरात त्याचे काम १८९२ पासून होते आणि न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांसारखी मराठी माणसे त्याच्या अग्रभागी होती. शाळा, ग्रंथालये, विधवाविवाह अशी सुधारणेची चांगली कामे समाजाने केली. पण ‘सत्यार्थ प्रकाश’च्या तेराव्या आणि चौदाव्या प्रकरणांत ख्रिस्ती व इस्लाम धर्मांवर कडक टीका आहे आणि बाहेरून येणारे उपदेशक तोच सूर घेऊन बोलत. निजाम सरकारने बाहेरच्या उपदेशकांना बंदी घातली, तसेच नव्या आर्य मंदिरांना, हवनकुंडांना आणि आखाड्यांना परवानगीची अट घातली. बहादूर यार जंग यांची भाषणेही सरकारने मधूनमधून थांबवली, पण मोजमाप सारखे नव्हते. सामान्य हिंदू माणसाला ते रोज दिसत होते.

५. भांडण रस्त्यावर कसे येते

भाषणातला शब्द काठीपर्यंत कसा पोचतो? एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, तालुक्याच्या गावी आर्य समाजाचा वार्षिकोत्सव आहे. नगरकीर्तनाची मिरवणूक ठरते. सरकार तिचा मार्ग ठरवून देते आणि मशिदीसमोर वाद्ये बंद ठेवायला सांगते. येथवर भांडण अर्जाचे आणि उत्तराचे आहे. आदल्या रात्री बाहेरून आलेला उपदेशक सांगतो की वाद्ये बंद ठेवणे म्हणजे धर्म बुडवणे. शुक्रवारी मशिदीत दुसरा वक्ता सांगतो की वाद्ये वाजली तर इज्जत गेली. आता काल कोणाच्याही ध्यानात नसलेली वीस पावलांची जागा आणि पंधरा मिनिटांची वेळ अशी झाली की कोणाही एकाला माघार घेता येत नाही. पहिला दगड कोणी मारला हे नंतर कधीच ठरत नाही. ते ठरवूनही फारसे हाती लागत नाही, कारण दंगलीचा निकाल आदल्या दोन भाषणांत लागलेला असतो.

१९३८ मध्ये निजामाच्या मुलखात अशा जागा एकामागून एक तयार झाल्या. उमरग्याजवळच्या गुंजोटीत वेदप्रकाश हा तरुण आर्य कार्यकर्ता मारला गेला. एप्रिलमध्ये हैदराबाद शहरात धूळपेठेत दंगल झाली. कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, धर्मप्रकाश हा दुसरा कार्यकर्ता मारला गेला. उदगीरचे वकील भाई श्यामलाल यांचा डिसेंबरमध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. प्रत्येक मृत्यूनंतर प्रचारकांना नवे नाव मिळत गेले. हुतात्म्याचे नाव घेऊन केलेल्या भाषणाला प्रतिवाद करणे कोणालाच जमत नाही.

६. सोलापूरचा डिसेंबर

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संस्थानात तीन आंदोलने जवळजवळ एकदम सुरू झाली. हैदराबाद स्टेट काँग्रेसचा जबाबदार राज्यपद्धतीसाठीचा सत्याग्रह, ज्यात स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. हिंदू महासभेचा निःशस्त्र प्रतिकार, ज्याचे जथे मुख्यतः पुण्याकडून येत. आणि आर्य समाजाची तयारी. लांबून पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसत. स्टेट काँग्रेसला हीच अडचण झाली. राजकीय मागणीला जातीय रंग चढतो आहे म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने तिने २४ डिसेंबरला आपला सत्याग्रह थांबवला.

दुसऱ्याच दिवशी, २५ डिसेंबर १९३८ रोजी, सोलापुरात आर्य परिषद भरली. अध्यक्ष होते लोकनायक बापूजी अणे. तीन दिवसांच्या चर्चेनंतर निजामाविरुद्ध धार्मिक हक्कांसाठी सत्याग्रह करण्याचा ठराव झाला. नेतृत्व महात्मा नारायण स्वामी यांच्याकडे आले. ते वयोवृद्ध, उत्तरेकडचे संन्यासी, आर्य समाजाच्या मध्यवर्ती संस्थेचे दीर्घकाळचे प्रमुख. आंदोलनाच्या भाषेत ते पहिले ‘सर्वाधिकारी’. सोलापुरातल्या तळाची व्यवस्था स्वामी स्वतंत्रानंद यांनी पाहिली.

हे शहर कोणते होते हे विसरता येणार नाही. आठच वर्षांपूर्वी, मे १९३० मध्ये, येथे ब्रिटिशांना लष्करी कायदा पुकारावा लागला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे एकाच दिवशी फासावर गेले होते. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा चौघांची नावे एका दमात घेणाऱ्या शहरात आता एका धर्माच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांचे जथे उतरू लागले. पंजाब आणि संयुक्त प्रांतातून येणारे स्वयंसेवक स्टेशनवर उतरत, तळावर जेवत, आणि गुलबर्ग्याच्या गाडीत बसत.

७. नारायण स्वामींची भूमिका

नारायण स्वामींना हुसैनींच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल. त्यांच्या मागण्या कागदावर होत्या. हवनाला, मंदिराला आणि प्रचाराला परवानगीची अट नको, एवढेच त्या सांगत होत्या. त्या मागण्या रास्त होत्या. मार्ग निःशस्त्र होता. जानेवारी १९३९ च्या अखेरीस ते स्वतः संस्थानात शिरले. सरकारने आधी त्यांना सोलापूरला परत पाठवले, ते पुन्हा गुलबर्ग्याला गेले आणि शिक्षा भोगायला बसले. आपण मागे राहून पोरांना पुढे ढकलणारा हा पुढारी नव्हता. त्यांच्यामागून एकेक करून सर्वाधिकारी तुरुंगात गेले. आठवे सर्वाधिकारी कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार होते. आर्य समाजाच्या हिशोबाने दहा-बारा हजार माणसे तुरुंगात गेली आणि वीसहून अधिक तेथेच मरण पावली.

तरीही दुसरी बाजू उरते. सत्याग्रहाचा शत्रू सरकार असतो, पण गावातल्या मुसलमानाला भजने गात येणारा जथा आपल्याविरुद्ध येतो आहे असे वाटले, आणि तसे वाटू नये याची तजवीज नेत्यांनी पुरेशी केली नाही. जथ्यांतले स्वयंसेवक दूरच्या प्रांतांतले होते. ज्या गावात ते घोषणा देत तेथे त्यांना उद्या राहायचे नव्हते, तेथल्या शेजाऱ्यांना मात्र राहायचे होते. मजलिसने याच भीतीवर आपली सभासद-संख्या वाढवली. निजाम सरकारने मुत्सद्दीपणा दाखवायचा तो उशिरा दाखवला. जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या, पण त्यांतही निवडून द्यायच्या जागांत १२ टक्क्यांना आणि ८५ टक्क्यांना समान वाटा होता. धार्मिक बाबींत काही आश्वासने मिळाली, मध्य प्रांत विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त यांनी बोलणी केली, आणि ऑगस्टमध्ये सत्याग्रह मागे घेतला गेला. कैदी सुटले. या लढ्याच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सोलापुरात दयानंद कॉलेज उभे राहिले, आणि पुढच्या पिढ्यांत सर्व जातिधर्मांची मुले तेथे शिकली.

८. माणसे गेल्यावर

बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले, नारायण स्वामी १९४७ मध्ये. दोघांनी उभी केलेली यंत्रणा मात्र मागे राहिली. मजलिसची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे गेली. ते धर्मगुरू नव्हते, पण धर्माच्या नावावर जमलेली माणसे त्यांना तयार मिळाली आणि त्यांतून रझाकारांची फौज झाली. १९४७-४८ मध्ये या फौजेने मराठवाड्यातली गावे लुटली, जाळली, आणि हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यात आली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांचे भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्याने संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. त्यानंतर जे झाले ते मराठी पुस्तकांत कमी लिहिले गेले आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. रझाकार आधीच पळाले होते किंवा पकडले गेले होते. मेले ते बहुतेक गावातले सामान्य मुसलमान. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. रझाकारांनी आधी केलेले अत्याचारही तिने नोंदवले, आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही नोंदवले.

त्याच अहवालात सोलापूरचे नाव येते. सोलापूर आणि इतर शहरांतून आलेल्या, एका प्रसिद्ध हिंदू जातीय संघटनेच्या शिकवलेल्या सशस्त्र माणसांनी काही भागांत दंगेखोरांचे पुढारपण केले, असे समितीला सांगण्यात आले होते. संघटनेचे नाव अहवालाने घेतलेले नाही. कोणत्या संन्याशाचे किंवा मौलवीचे भाषण त्यामागे होते, याचाही त्यात उल्लेख नाही. तोवर त्याची गरज उरली नव्हती. कोणत्या गावात कोण कोणाचा शत्रू हे दहा वर्षांच्या प्रचाराने ठरवून ठेवले होते.

हा अहवाल सरकारने दाबून ठेवला आणि तो लोकांना वाचायला मिळायला कित्येक दशके गेली.